उंची दोन मीटर वीस

मी एक जुना वाहनतळ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट गोड नाही. ज्यांना शेवटी सगळ्यांचं भलं झालेलं आवडतं, त्यांनी दुसरीकडे गाडी लावावी. माझ्याकडे आता तशीही जागा उरलेली नाही.

मी बांधला गेलो तेव्हा या रस्त्यावर माझ्याइतकी उंच इमारत नव्हती. लोक मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, "चार मजले, आणि माणूस एकही राहणार नाही! सगळा बंगला गाड्यांना!" मला त्या बोलण्याचा राग यायचा नाही. उलट छाती फुगायची. माझ्या पोटातून एकच चढ वळणं घेत वरपर्यंत जायचा. दिवसभर गाड्या चढायच्या, उतरायच्या. इंजिनांच्या धुराने मी आतून काळा होत गेलो, पण कामाने काळं होण्यात कसली लाज?

माझं खरं रूप मात्र एका माणसाने घडवलं. तो पाट्या रंगवणारा रंगारी होता. नव्या इमारतीत बाण काढायचे, मजल्यांचे आकडे लिहायचे, 'आत' आणि 'बाहेर' लिहायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की लोक आकडे विसरतात. एक गृहस्थ सामानाच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर तासभर आपली गाडी शोधत होते, आणि गाडी बिचारी तिसऱ्यावर उभी होती. मग रंगाऱ्याने कुणाला न विचारता प्रत्येक मजल्यावर एक चित्र काढलं. पहिल्यावर निळा मासा, दुसऱ्यावर हिरवं कासव, तिसऱ्यावर पांढरा बगळा आणि चौथ्यावर, उघड्या आभाळाखाली, तपकिरी घार. खाली पाणी, वर आकाश. तेव्हापासून आजतागायत कुणी 'तिसरा मजला' म्हणालं नाही. "गाडी बगळ्यावर लावलीय," असंच म्हणायचे.

या रंगाऱ्याची एक खोड होती. तो मोजल्याशिवाय काही लिहायचा नाही. त्याच्याजवळ त्याच्याहून उंच अशी एक लाकडी मापकाठी होती, तिच्यावर सेंटिमीटरगणिक खुणा कोरलेल्या. बाण काढायचा तरी आधी काठी लावायचा. त्यावरून सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणायचे. तोही त्या नावाला ओ द्यायचा. काम पूर्ण झालं आणि मनासारखं झालं, की पाटीच्या कोपऱ्यात बोटाएवढी एक शिडी काढायचा, तीन पायऱ्यांची. ती त्याची सही.

माझ्या दारावरची पाटी त्याने सगळ्यात शेवटी रंगवली. पहिला चढ जिथे वळतो तिथे माझी एक तुळई खाली उतरलेली आहे. माझ्या सगळ्या अंगात तीच जागा सर्वांत ठेंगणी. फूटपट्टीने तिथे काठी उभी केली, तीनदा मोजलं आणि दारावर लिहिलं: 'उंची २.२० मीटर'. पाटीखाली बरोबर त्याच उंचीवर दोन साखळ्यांनी एक लाकडी फळी टांगली. उंच गाडी आली की फळी टपावर खाडकन वाजायची आणि चालक जागच्या जागी थांबायचा.

तेव्हाच्या एका कामगाराने त्याला विचारलं होतं, "दारात माणूस बसवणार आहेत ना? मग पाटी कशाला नि फळी कशाला?"

"माणूस काय, चहाला जाईल, आजारी पडेल," फूटपट्टी म्हणाला. "आपण नसतो तेव्हा बोलायला पाटी असते. म्हणून तिने खोटं बोलून चालत नाही."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते इतकी वर्षं उराशी धरून बसलोय.

पुढची पंधरा-सोळा वर्षं बरी गेली. समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांचं दुकान होतं. त्यांची स्कूटर रोज बगळ्यावर, खांबाच्या डाव्या बाजूला. दर सोमवारी ते दारावरच्या केबिनमध्ये डोकावून भिंतीवरचं घड्याळ लावून द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ त्यांना बघवायचं नाही. अशी माणसं आपल्याकडे येतात याचा मला अभिमान वाटायचा.

मग माझा चढ झिजला. पावसाळ्यात गाड्या घसरू लागल्या, तेव्हा ठेकेदार आला. जुना थर आधी खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, असं त्याच्या कागदावर लिहिलं होतं. खरवडायला माणसं लागतात, वेळ लागतो. त्याने दारापासून वरपर्यंत थेट जुन्यावरच आठ सेंटिमीटर काँक्रीट ओतलं आणि निघून गेला. सहा वर्षांनी दुसरा ठेकेदार आला. त्याने पहिल्याचं बघून तेच केलं. माझी तुळई जागची हलली नव्हती, पण खालची जमीन सोळा सेंटिमीटर वर आली होती. दोन वीसचे दोन चार झाले. दारावरची पाटी मात्र दोन वीसच सांगत राहिली.

फळीला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती खरं बोलत राहिली. दोन दहा उंचीच्या गाड्या पाटी वाचून निर्धास्त आत यायच्या आणि फळी टपावर खाडकन बसायची. चालक चिडायचे. "पाटीवर दोन वीस लिहिलंय, मग ही का वाजते?" अशा तक्रारी वरच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे माझी देखरेख करणारे अधिकारी. महिन्यातून एकदा यायचे, गाडीतून न उतरता बघायचे आणि जायचे.

त्या वेळी तरी कुणीतरी मोजेल असं मला वाटलं होतं. साहेबांनी एक माणूस शिडीवर चढवला आणि फळीच्या दोन्ही साखळ्यांच्या तीन-तीन कड्या काढून टाकल्या. फळी वर गेली, वाजायची बंद झाली, तक्रारीही बंद झाल्या. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसं. माझ्या अंगात एकच वस्तू खरं बोलत होती, तिला गप्प केलं आणि साहेबांनी वहीत लिहिलं, 'दोष दूर केला'.

त्यानंतर गाड्या थेट माझ्या तुळईला घासू लागल्या. मला त्याचे ओरखडे अजून आहेत.

याच काळात केबिनमध्ये फूटपट्टीची लेक कामाला लागली. बापासारखीच काटक, बापासारखीच स्पष्ट बोलणारी. चालक तिला ताई म्हणायचे. दोन आठवड्यांत तिला तुळईची गोम कळली. ती साहेबांना म्हणाली, "साहेब, पाटी चुकीची आहे. आकडा बदलायला हवा."

"तुम्ही आहात ना दारात? मग बघत जा की," साहेब म्हणाले.

तेव्हापासून ती बघत राहिली. उंच गाडी दिसली की केबिनमधून धावत बाहेर यायची, दोन्ही हात पसरून उभी राहायची. "दादा, आत नका जाऊ, वर घासेल." कुणी ऐकायचं, कुणी पाटीकडे बोट दाखवून तिलाच वेड्यात काढायचं. चार वर्षं तिने हे केलं. चार वर्षं त्या एका बाईच्या दोन हातांवर माझं दार चाललं.

आणि माझी चित्रं? ती उडत चालली होती. माशाची शेपटीच काय ती उरली. कासवाच्या जागी हिरवट उशी पडल्यासारखी दिसायची. बगळ्याचा एक पाय गेला. नवीन येणारे विचारायचे, "हा कसला डाग आहे?" मी ऐकायचो. वय झालं की ऐकण्याखेरीज काय करता येतं?

एके दिवशी वरून कुणी मोठे पाहुणे येणार असं ठरलं आणि साहेबांना अचानक माझ्या रंगाची काळजी वाटू लागली. फूटपट्टीला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा सत्तरीला टेकला होता. काठी मात्र तीच होती. त्याने मासा पुन्हा पोहता केला, कासवाला पाय दिले, बगळ्याला उभं केलं, घारीचे पंख पसरले. चारही चित्रांच्या कोपऱ्यांत शिड्या उमटल्या. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो होतो.

शेवटी तो दारावरच्या पाटीकडे आला. सवयीने तुळईखाली काठी लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मग दारावर येऊन जुन्या पाटीवर, कोपऱ्यातल्या शिडीसकट, पांढऱ्या रंगाचा हात मारला, तो वाळल्यावर रंगीत खडूने लिहिलं: २.०४.

तेवढ्यात साहेब आले. त्या दिवशी मात्र गाडीतून उतरले.

"हे काय लिहिताय?"

"जे आहे ते."

"जुनी अक्षरं जशीच्या तशी गडद करा, असं कळवलं होतं ना तुम्हाला?"

"अक्षरं जुनी आहेत, साहेब. चढ नवा आहे. मोजून बघा, काठी इथेच आहे."

साहेबांनी काठीकडे बघितलंही नाही. ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "बाबा, कागदावर दोन वीस आहे. आकडा बदलला की नवी तपासणी आली, नवी परवानगी आली. सहा महिने दार बंद राहील. दार बंद म्हणजे केबिन बंद. केबिनमध्ये कोण बसतं ते मी सांगायला हवं का? पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं आहे. कागद माझ्याच टेबलावर आहे."

केबिनच्या काचेपलीकडे फूटपट्टीची लेक एका चालकाला पावती देत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. म्हाताऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग बाहीने खडू पुसला. ब्रश उचलला आणि सुंदर, गोलाईदार, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'उंची २.२० मीटर'. इतकी देखणी पाटी त्याने आयुष्यात रंगवली नसेल. खोटं होतं, पण सुबक होतं. जुन्या फिकट आकड्याकडे काही लोक दुर्लक्ष तरी करत होते. आता तो लांबून वाचता येत होता.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, दारावर किती लिहिलंत?"

"जुनंच," तो म्हणाला.

तिला ठाऊक होतं ते चूक आहे. पण तिलाही पुढचा महिना दिसत होता. "बरं," एवढंच म्हणाली आणि त्याच्या हातातला डबा आपल्या हातात घेतला. दोघं चालत घरी गेली.

मी त्या दोघांना दोष देत नाही. द्यायचा असता तर कधीच दिला असता.

ती कायम झाली. त्यानंतर सात महिन्यांनी, एका दुपारी, घड्याळवाले काका बगळ्यावर आपल्या स्कूटरला किल्ली लावता लावता खाली कोसळले. एका गाडीवाल्याने धावत येऊन ताईला सांगितलं. तिने रुग्णवाहिकेला फोन केला, दारातला आडवा दांडा वर करून ठेवला, म्हणजे गाडीला क्षणभरही थांबायला नको, आणि पाण्याची बाटली घेऊन तीन मजले धावत वर गेली. काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, शब्द फुटत नव्हते.

"आली काका, गाडी आली. बोलू नका."

गाडी खरंच आली. दारात कुणी नव्हतं. पाटी होती. आपण नसतो तेव्हा बोलायला पाटी असते ना? चालकाने वाचलं: दोन वीस. त्याची गाडी, टपावरच्या दिव्यासकट, दोन बारा. फळी गप्प राहिली. त्याने वेग घेतला आणि पहिल्या वळणावर माझ्या तुळईखाली येऊन गाडी घट्ट रुतली.

मला तो आवाज कधी विसरता येणार नाही. ना पुढे, ना मागे. टायरांतली हवा सोडली, मागच्या गाड्या हटवल्या, शिव्या झाल्या, ओरडाआरडा झाला. स्ट्रेचर घेऊन माणसं पायी वर गेली, अरुंद जिन्याने काकांना आडवंतिडवं करत खाली आणलं, बाहेर दुसरी गाडी मागवली. या सगळ्याला सव्वीस मिनिटं लागली. केबिनमधल्या घड्याळात सव्वीस, म्हणजे सव्वीसच. ते घड्याळ काकांनी कालच लावून दिलं होतं.

काका वाचले, पण त्यांची उजवी बाजू गेली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात परत आला असता. घड्याळवाल्याचा उजवा हात, मित्रांनो. दुकान त्याच महिन्यात बंद झालं.

मग चौकशी झाली. दोन माणसं आली, त्यांनी मोजलं. हो, तेव्हा मोजलं! तेही एका दमात. अहवालात लिहिलं की पाटी रंगवणाऱ्याने चुकीचा आकडा लिहिला आणि दारावरची कर्मचारी जागेवर नव्हती. ठेकेदार नाही, साखळीच्या कड्या नाहीत, साहेब तर नाहीतच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

फूटपट्टीला बोलावलं तेव्हा लेक त्याच्या शेजारी माझ्या दारातच उभी होती. ती कळवळून म्हणाली, "बाबा, सांगा ना त्यांना! साहेबांनी लिहायला लावलं म्हणून सांगा!" तोपर्यंत तिला सगळं कळलं होतं.

"काय सांगू?" तो म्हणाला. "ब्रश माझ्याच हातात होता."

आणि चौकशीवाल्यांकडे वळून म्हणाला, "आकडा मीच लिहिला."

ज्या नोकरीसाठी त्याने लिहिला होता ती गेली. त्यानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही. दीड वर्षाने तो गेल्याचं मला दारावरच्या बोलण्यातून समजलं. साहेबांचंही समजलं, त्यांची बढती झाली.

मला मात्र कुलूप लागलं. इमारत धोकादायक आहे, असं ठरलं. धोकादायक मी! रंग पुन्हा उडाला. मासा, कासव, बगळा, घार, चौघेही पुन्हा डाग झाले. आठ वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि मग मला पाडायची तारीख आली.

त्या सकाळी पाडणाऱ्यांच्या आधी ताई आली. केस पांढरे झाले होते. एका हातात बापाची मापकाठी, दुसऱ्या हातात दोन ब्रश. बरोबर घड्याळवाले काका, पाय ओढत चालणारे, डाव्या हातात रंगाचे दोन छोटे डबे धरलेले. मुकादमाने अडवलं.

"ताई, दुपारी पाडायचंय हे. काय रंगवताय आता?"

"थोडाच वेळ लागेल, दादा."

तो हसला आणि बाजूला झाला. वेड्यांशी कोण वाद घालतो?

ती तुळईखाली गेली. काठी लावली, एकदा, दोनदा, तीनदा. मग दाराशी स्टूल ठेवून पाटीसमोर उभी राहिली आणि तिचे डोळे पाटीच्या कोपऱ्यावर थबकले. माझ्या अंगावरच्या प्रत्येक जुन्या पाटीवर ती छोटी शिडी अजून पुसट दिसत होती. इथे नव्हती. ती पुसली गेली नव्हती. त्याने काढलीच नव्हती.

हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तोंड असतं तर मी चौकशीच्या वेळी ओरडून सांगितलं असतं, की या माणसाने हा आकडा लिहिला, पण यावर सही केली नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. फक्त कानच असतात, हे माझं दुर्दैव.

ती रडली. काका खाली उभे होते. त्यांची जीभ अजून जड होती. हळूहळू म्हणाले, "उशीर... झाला गं."

"हो काका. फार उशीर झाला."

तिने जुना आकडा पांढऱ्या रंगाने झाकला, तो वाळेपर्यंत काकांशेजारी स्टुलावर बसून राहिली आणि मग लिहिलं: 'उंची २.०४ मीटर'. अक्षरं बापाइतकी देखणी नव्हती. चाराचा आकडा तर जरा कललाच. पण कोपऱ्यात तिने तीन पायऱ्यांची शिडी काढली. मग काठी खांद्याला टेकवून ती काकांना हात देत रस्त्यापलीकडे गेली.

दुपारी पाडायचं यंत्र आलं, लांब लोखंडी हाताचं. चालक दाराशी थांबला. त्याने मान वर करून पाटी वाचली, पुन्हा आपल्या यंत्राकडे बघितलं आणि मुकादमाला ओरडून म्हणाला, "दारातून नाही जमणार, दोन चारच आहे! मागून सुरुवात करतो!"

मित्रांनो, चढ उंचावल्यापासून इतक्या वर्षांत माझ्या दारावर खरा आकडा एक दिवस लागला, आणि तो वाचून शहाण्यासारखा वागलेला पहिला माणूस मला पाडायला आलेला होता.

आता मागची बाजू गेली आहे. घार गेली, बगळा चालला आहे. माझ्याजवळ फार वेळ नाही, म्हणून एवढंच मागतो. मोठे झालात की तुमच्यापैकी कुणाच्या हाती ब्रश येईल, कुणाच्या हाती साहेबाची खुर्ची येईल. जुनी अक्षरं गडद करा, असं कुणीतरी सांगेलच. तेव्हा आधी काठी लावा. आणि आकडा बदलला असेल तर बदललेला लिहा, काचेपलीकडे तुमचं कुणीही बसलेलं असो. कारण मी पडल्यावर ती पाटीही पडणार आहे, पण काकांचा डावा हात उद्या सकाळीही उजव्या बाहीचं बटण लावत बसलेला असेल.